टॅपिरच्या खानदानातले इनामदार सर

इनामदार सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, "आ करा."

माजलगावच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. खिशाला दोन पेनं आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मला वाटलं, नोकरीची वैद्यकीय तपासणी राहिली असेल. मी मुकाट्यानं आ केला. त्यांनी माझी हनुवटी खिडकीच्या उजेडाकडं वळवली, भिंग डोळ्याला लावलं आणि समाधानानं मान हलवली.

"वरच्या दाढा झकास हायत. अक्कलदाढ मात्र अजून आली न्हाई."

"मग आता?" मी घाबरून विचारलं.

"येईल की. घाई कावून?" भिंग पुसत ते म्हणाले, "मी मोईनुद्दीन इनामदार. प्राणिशास्त्र शिकवतो. तुमी?"

"साळवे," मी म्हणालो.

पुढं कळलं की हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कॉलेजातल्या प्रत्येकानं सरांपुढं तोंड उघडलेलं होतं. "माणूस खोटं बोलंल, कागद खोटं बोलंल. दाढ न्हाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा रस्त्यानं कुणाची तरी वरात चालली होती. सर वर्गातली मुलं घेऊन नेमके समोरून आले. त्यांनी घोडीवाल्याला हात करून वरात थांबवली, घोडीच्या तोंडाशी गेले आणि सराईतासारखा तिचा जबडा उघडून मुलांना दाढांवरची नक्षी समजावून सांगू लागले. बँडवाले थांबले. मुंडावळ्यांतून नवरदेव खाली वाकून बघायला लागला. धडा संपल्यावर सरांनी त्याला मुबारकबाद दिली आणि म्हणाले, "घोडी वयस्कर हाय. सावकाश जावा."

पण घोडा हा त्यांचा खरा विषय नव्हताच. त्यांचा विषय टॅपिर.

टॅपिर म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. लहानशा तट्टाएवढं, डुकरासारखं गोल अंगाचं आणि नाकाला बोटभर सोंड असलेलं जनावर. काही दक्षिण अमेरिकेत राहतात, एक जात मलायाकडच्या जंगलात. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. बघणाऱ्याला वाटतं, हत्तीचा नाहीतर डुकराचा कुणीतरी असेल. पण तो घोड्याचा आणि गेंड्याचा भाऊबंद. एवढं सांगून सर थांबत आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटायची वाट बघत. ते उमटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगत.

हे वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी कपाटातून जुनं पाठ्यपुस्तक काढून माझ्यापुढं उघडलं. घोड्याला दोन पानं होती. गेंड्याला एक. टॅपिरला एक ओळ.

"नवीन लागलो तवा हे शिकवलं. एक ओळ वाचली अन् पान उलटलं. मग घरी गेल्यावर जेवण जाईना. पाच कोटी वर्षांचं खानदान, साळवे. एका ओळीत मिटवलं त्यांनी. आपल्याला कुणी असं मिटवलं तर?"

तेव्हापासून तीस वर्षं ते ती ओळ लांबवत होते. आज जिवंत असलेल्या मूठभर जातींच्या मागं नामशेष झालेल्यांची केवढी तरी गर्दी होती. सोंड फुटण्याआधीचा, मेंढराएवढा हेप्टोडॉन. चपळ पायांचा हेलॅलेटीस. मंगोलियाकडचा लोफिआलेटीस. चीनमधला आडदांड मेगाटॅपिरस. जम्मूकडच्या कालाकोट गावावरून नाव पडलेला कालाकोटिया, ज्याच्याबद्दल सर "आपल्या मुलखातला" असं म्हणत आणि बोलताना आवाज खाली आणत. यांतल्या पुष्कळांचे दगडात राहिलेले दात आणि जबड्याचे तुकडे, एवढंच काय ते हाताशी. त्या दातांवरून कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसता गाववाला, हे ठरवायचं. टॅपिरच्या दाढेवर शेतातल्या बांधांसारख्या दोन आडव्या कडा असतात. सर म्हणत, "घोड्याच्या दाढेवर नक्षी, टॅपिरच्या दाढेवर बांध. एवढं ध्यानात ठेवा, जन्मात चुकणार न्हाई."

प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत या खानदानानं व्यापली होती. प्रत्येक प्राण्याचं एक कार्ड, आणि कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. कार्डांना जोडणारी लाल लोकर. पंख्याच्या वाऱ्यानं एखादं कार्ड उलटलं की मेगाटॅपिरसच्या जागी 'चि. सौ. कां.' झळकायची आणि मुली खुसखुसायच्या. सर न हसता कार्ड सरळ करत.

माझं काम म्हणजे त्यांना नवे शोधनिबंध मिळवून देणं. इंटरनेटवरून उतरवून, छापून, टाचून मी ते त्यांच्या हातात द्यायचो. एका निबंधानं मात्र घोटाळा केला. लोफिओडॉन नावाचा युरोपातला एक मोठा प्राणी दीड-दोनशे वर्षं टॅपिरच्या गोतावळ्यात धरला जात होता. काही संशोधकांचं म्हणणं पडत होतं की तो यांच्यातला नसावाच. मग नक्की कुठला, तेही कुणाला ठामपणे सांगता येत नव्हतं.

सरांनी तो निबंध तीनदा वाचला. दुपारच्या चहाला आले नाहीत. मी बघायला गेलो, तर स्टुलावर उभे राहून लोफिओडॉनची लोकर सोडवत होते.

"पुरावा चोख हाय," ते म्हणाले. "दाढ सांगती ते ऐकावं लागतं."

"मग कार्ड कुठं लावणार?"

"तेच कळंना. इतकी वर्षं घरात जेवला. आता बाहेर काढायचा म्हणजे..."

शेवटी त्यांनी ते कार्ड भिंतीच्या कडेला, खिडकीजवळ एकटंच लावलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'जागा अनिश्चित'. मग परत स्टुलावर चढले आणि पेन्सिलीनं पुढं लिहिलं, 'तूर्त'.

मला हसू आलं होतं. पण ते उतरून हात झटकायला लागले, तेव्हा मी हसलो नाही.

सरांच्या आयुष्यात एक दिवस असा आला, ज्याची ते बहुधा तीस वर्षं वाट बघत होते.

त्या वर्षी प्राणिशास्त्राला फार थोडी मुलं उरली होती. तपासणीला समिती येणार होती आणि विभाग बंद पडणार अशी कुजबुज होती. अशात सिंदफणा नदीच्या काठावरच्या गावातले लिंबाजी नावाचे शेतकरी कॉलेजात आले. उपरण्याच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं.

"हिरीचं काम चालू हाय सर. खाली मुरमात हे घावलं. पोरगी म्हणली, दातवाल्या सरास्नी दाखवा."

गाठ सुटली. आत मातीनं माखलेली, एका बाजूनं फुटलेली, दगडासारखी जड दाढ होती. आणि तिच्यावर मातीतून वर आलेल्या दोन आडव्या कडा दिसत होत्या.

सरांनी ती तळहातावर घेतली. तीस वर्षांत त्यांनी टॅपिरच्या पूर्वजांचे दात फक्त चित्रांत बघितले होते. प्लास्टरची साधी प्रतिकृतीसुद्धा हाताळलेली नव्हती. लिंबाजींनी खालून आपलाही हात लावला.

बातमी प्राचार्यांपर्यंत जायला पाच मिनिटं लागली. ते स्वतः धावत आले. भिंतीकडं बघितलं, दाढेकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, हेच का ते?"

"धुवून बघावं लागंल," सर म्हणाले.

ते धुवेपर्यंत प्राचार्यांनी स्थानिक वर्तमानपत्राच्या माणसाला फोन केलाही होता. माजलगावात टॅपिरचा पूर्वज सापडला, तर समिती विभाग बंद करायची हिंमत करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. वाईट हेतू नव्हता. त्यांना विभाग वाचवायचा होता, आणि सरांनाही.

सर बशीत पाणी घेऊन, दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती दाढ घासत बसले. सकाळचे अकरा वाजले होते. मी शेजारी उभा होतो. माती सुटत गेली. दोन कडांच्या मधली जागा हळूहळू उघडी पडली. त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. दाढ उन्हात नेली, परत आणली. दीड वाजता त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"घोडा," ते म्हणाले.

प्राचार्य दारातच होते. "सर, नीट बघा."

"बघितलं. तुटल्यामुळं बांध वाटत व्हते. खाली नक्षी हाय. घोडाच. जुना असंल, लई जुना असंल. पण घोडा."

"तुम्ही फक्त 'असू शकतो' एवढं म्हणा. तेवढंच छापू. पुढं संशोधन चालू आहे म्हणू."

मीही म्हणालो, "सर, शंका घ्यायला काय हरकत आहे? तपासायला पाठवू बाहेर. तोपर्यंत समिती येऊन जाईल."

सर माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"साळवे, 'असू शकतो' म्हणायला सगळ्यात जास्त मला आवडलं असतं," ते म्हणाले. "पण मला शंका न्हाई. शंका नसताना शंका घ्यायची, म्हणजे खोटंच की."

वर्तमानपत्राचा माणूस चहा पिऊन परत गेला. लिंबाजी खाली मान घालून बसले होते. गावात सांगून आले होते बिचारे. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "लिंबाजीराव, हिरमुसू नका. तुमच्या हिरीत टॅपिर न्हाई निघाला, पण त्याचा चुलतभाऊ निघाला. गावात मी येऊन सांगतो." आणि खरंच, रविवारी ते त्या गावी गेले. देवळाच्या ओट्यावर बसून दोन तास त्यांनी लोकांना घोडा आणि टॅपिर यांचं नातं सांगितलं. लोकांना किती कळलं कोण जाणे. परत निघताना पाच-सहा जणांनी त्यांना आपली दाढ दाखवली. एकाची किडलेली होती, त्याला सरांनी तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं.

समिती आली आणि गेली. पुढच्या वर्षी विभाग बंद झाला. प्रयोगशाळेत परीक्षेचे गठ्ठे ठेवायचं ठरलं आणि भिंतीला चुना मारायला माणसं आली. सर आणि मी मिळून लग्नपत्रिका एक-एक करून उतरवल्या. मी त्या ग्रंथालयातल्या एका कपाटात ठेवल्या. सरांनी कपाटाच्या दारावरून हात फिरवला. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सात महिने उरले होते. ते सात महिने ते रोज वेळेवर यायचे आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून राहायचे.

निरोपसमारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका वक्त्यानं टॅपिरला 'टेपर' म्हटलं, दुसऱ्यानं 'टायपर'. सर हसतमुखानं ऐकत होते. परत येताना मी सहज विचारलं, "सर, तुम्ही जिवंत टॅपिर कुठं बघितला होता?"

ते चालायचे थांबले.

"न्हाई बघितला."

"कधीच?"

"कुठं बघणार? इथं घोडा हाय, गाढव हाय. त्यांच्यावरच भागवलं." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "रजिया लई मागं लागायची, चला एकदा बघून येऊ म्हणून. मीच म्हणायचो, परीक्षा झाल्यावर."

रजिया म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

मी शोधाशोध केली. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात मलायाकडचा एक टॅपिर असल्याचं एका जुन्या यादीत सापडलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परळीहून रेल्वे धरली. सरांनी नवा पांढरा शर्ट शिवला होता, अत्तर लावलं होतं, आणि मांडीवर सीताफळांची करंडी धरली होती. बालाघाटच्या डोंगरातली, निवडून आणलेली, उद्या-परवा पिकतील अशी.

"जनावरांना बाहेरचं खायला देत नाहीत हो," मी म्हणालो.

"माहीत हाय. पण सोयऱ्याच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं?"

तिथं पोचल्यावर नकाशा बघत, विचारत विचारत आम्ही शेवटच्या टोकाला गेलो. पाटी होती. पाटीवर काळ्या अंगाचा, पाठीवर पांढरी झूल टाकल्यासारखा टॅपिर रंगवलेला होता. खाली लिहिलं होतं, तो काय खातो आणि कुठं राहतो. कुंपणाच्या आत पाण्याचं डबकं कोरडं पडलेलं, आणि गुडघाभर गवत. आत कुणीही नव्हतं.

गवत काढणारा एक म्हातारा कामगार होता. यादय्या त्याचं नाव. मी त्याला विचारलं. त्यानं विळा खाली ठेवला आणि सांगितलं, दोन पावसाळे झाले. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला.

मला सरांकडं बघवेना. इतक्या लांब त्यांना मी आणलं होतं. पण सरांनी करंडी कट्ट्यावर ठेवली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि यादय्याला दखनी उर्दूत विचारलं, "तुम देखते थे उसको?"

"बाईस साल, साब."

मग सर त्याच्याशेजारी कट्ट्यावर टेकले. मयत झालेल्या घरी जाऊन बसतात तसे. दोघं दखनीत हळूहळू बोलायला लागले. सरांनी दातांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तो काय आवडीनं खायचा, थंडीत कुठं बसायचा, आंघोळ आवडायची का, त्याला हाक काय मारायचे. यादय्या सांगत होता. कुणीतरी विचारायला आलं, याचंच त्याला अप्रूप वाटत असावं. राजू म्हणायचो. केळीपेक्षा फणसाचा पाला आवडायचा. कानामागं खाजवलं की जागेवरच आडवा व्हायचा.

"अकेलाच था क्या?" सरांनी विचारलं.

"पहले जोडी थी. मादी आठ-दस साल में गई. बाद में अकेला."

आणि मग यादय्यानं सांगितलं ते मला कुठल्याच निबंधात नीट कळलं नव्हतं. टॅपिर शिट्टी वाजवतो. एवढं धिप्पाड जनावर, आणि आवाज पाखरासारखा बारीक. जोडीदाराला बोलवायला. मादी गेल्यावर राजू रोज ऊन उतरलं की डबक्याच्या काठाला उभा राहून शिट्टी घालायचा. मग थांबायचा. कान उभे करून ऐकायचा. मग परत घालायचा. काही महिने यादय्यानं बघितलं. एक दिवस त्याला राहवेना, त्यानं इकडून तशीच शिट्टी दिली. राजू पळत कुंपणाशी आला.

"उसके बाद रोज देता था," यादय्या म्हणाला. "छुट्टी हो तो भी आता था, साब. बोलता किसको? लोग हँसते."

सर कोरड्या डबक्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "बजाके सुनाते क्या एक बार?"

यादय्या तयार होईना. राजू गेल्यापासून वाजवली नव्हती म्हणाला. सरांनी आग्रह केला नाही, नुसते बसून राहिले. शेवटी म्हाताऱ्यानं ओठ ओले केले, मान वळवली आणि रिकाम्या गवताकडं तोंड करून एक लांब, बारीक, टोकाला खाली उतरणारी शिट्टी दिली.

सरांनी डोळे मिटले होते. चष्म्याखालून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

सीताफळांची करंडी त्यांनी यादय्याच्या हातात दिली. तो नको नको म्हणत होता. "लेव," सर म्हणाले. "तुम्हाराच घर है ये. मैं तुम्हारेच पास आया था, मेरेको मालूम नहीं था इतनाच."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. परळी जवळ आल्यावर एकाएकी म्हणाले, "कुलूप काढून घरात शिरलो की मी अजून 'आलो' म्हणतो बघा, साळवे. कोण न्हाई माहीत असून म्हणतो. अन् म्हणल्यावर जरा थांबतो."

मी पाण्याची बाटली पुढं केली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मागच्या रविवारी मी सरांकडं गेलो होतो. ते चहा गाळत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हात ओले म्हणून त्यांनी कोपरानंच स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडून हॅलो नाही, सलाम नाही. बारीक, लांब, टोकाला उतरणारी शिट्टी.

सरांनी गाळणी खाली ठेवली. माझ्याकडं बघून जरा लाजले. मग ओठ पुढं काढून फुंकर घातली. नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही हवाच गेली. फोनवर यादय्या थांबून होता, घाई न करता. तिसऱ्यांदा शिट्टी लागली.

"हां," पलीकडून आवाज आला. "बोलो साब."